नानांचा डावा हात

"गप ऱ्हा, माले देखू द्या," असं म्हणून नाना डोळे मिटून घ्यायचे.

डावा हात कोपराच्याही वरपर्यंत गाईच्या आत, मान आढ्याकडे, तोंड जरासं उघडं आणि डोळे गच्च बंद. मी अमळनेर तालुक्यातल्या त्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीनच रुजू झाले होते. माझं माहेर वरणगावच्या बाजूचं, केळीवाल्यांचं, तिथली बोली वेगळी. नानांची अहिराणी मला अर्धी कळायची आणि अर्धी मी अंदाजाने घ्यायची. 'देखू' म्हणजे बघू, एवढं कळलं होतं. पण डोळे मिटून हा माणूस बघतो काय, ते काही कळेना. मी विचारलं तर म्हणाले, डोळ्यांचं इथे कामच काय, आत उजेड थोडाच आहे.

नाना सरकारी नोकर नव्हते. प्रशिक्षण घेऊन वर्षानुवर्षं आसपासच्या गावांतून गाईंना कृत्रिम रेतन करत फिरणारे होते. गाय माजावर आली की मालक नानांना फोन करी आणि नाना मोटरसायकलवरून हजर होत. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वीर्य भरलेली नळी उजव्या हाताने आत सरकवायची असते आणि डाव्या हाताने आतड्याच्या पातळ भिंतीतून गर्भाशयाचं तोंड चाचपून धरायचं असतं. उजवा हात नुसता सांगकाम्या. सगळी अक्कल डाव्या हाताच्या बोटांना लागते. वाचून कोणाला किळस आली असेल तर त्यांनी सकाळचा चहा कशाने पांढरा होतो ते आठवावं आणि पुढे वाचावं.

गाय गाभण आहे की नाही हेही नाना त्याच हाताने सांगत. सुरुवातीला त्यांच्या मागोमाग मी हात घालून खात्री करायचे. मला वाटायचं, कधी तरी चुकतील. ते चुकले नाहीत, आणि मी कंटाळून खात्री करणं सोडून दिलं. नानांनी 'शे', म्हणजे आहे, म्हटलं की शे, 'खाली', म्हणजे रिकामी, म्हटलं की खाली. सगळ्या पंचक्रोशीचा तो हिशेब होता. मीही त्यातच जमा झाले.

स्वभाव मात्र हेकट. चांगलं सांगितलेलं ऐकायचं नाही, ही जणू शपथच घेतलेली. मोटरसायकलचा आरसा उलटा फिरवलेला असायचा, कारण मागून येणाऱ्याचं तोंड बघून आपण काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. विडी इतकी ओढायचे की गाई त्यांना वासावरून ओळखत असाव्यात. घरी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, विड्या लपवून ठेवत आणि नाना त्या हमखास शोधून काढत. त्यातही डावा हातच कामी येतो, असं काकू वैतागून म्हणायच्या.

आता त्या जारबद्दल सांगायला हवं. वीर्याच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. दिसायला ते पाण्यासारखंच, पण इतकं गार की झाकण काढलं की पांढरी वाफ जमिनीकडे सांडत जाते. झाकण घट्ट बसवता येत नाही, कारण आतली वाफ सतत बाहेर पडावी लागते. नाना तो ॲल्युमिनियमचा छोटा जार पट्ट्याने डाव्या खांद्याला अडकवून फिरत. गोठ्यात गेल्यावरही खाली ठेवत नसत. खाली ठेवला की शेण लागतं, कुत्रं हुंगतं, "कोणी ना कोणी लात मारस," असं त्यांचं ठरलेलं उत्तर. हातात खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा लांब मोजा. त्याचं वरचं तोंड घट्ट बांधलं की दंड आवळतो म्हणून ते शर्टाला कपड्यांच्या चिमट्याने अडकवलेलं. एका गोठ्यात दोन गाई असल्या तर मधे मोजा बदलायचा नाही. बादलीत बुचकळायचा आणि पुढच्या गाईकडे वळायचं. यातल्या एकेका गोष्टीवरून मी त्यांच्याशी भांडले होते. या सगळ्या गोष्टी एकाच दिवशी, एकाच क्षणी एकत्र येतील, असं मात्र मलाही कधी वाटलं नव्हतं.

मे महिना होता. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. सकाळी नायट्रोजनची गाडी येऊन गेली होती आणि नानांनी जार गळ्यापर्यंत भरून घेतला होता. आमच्या दवाखान्यापासून जवळच्याच वस्तीवर आबांचा गोठा आहे. आबा म्हणजे नानांच्याच वयाचे शेतकरी, त्यांचे जुने स्नेही. त्यांच्या दोन गाई एकदम माजावर आल्या होत्या. नानांनी पहिली गाय केली, मोजा बुचकळला आणि दुसरीच्या मागे उभे राहिले. तिने पुठ्ठ्याचा असा काही धक्का दिला की नाना भिंतीवर आदळले. खांद्यावरचा जार कलंडला, झाकण उडालं, आणि आतलं सगळं मोज्याच्या उघड्या तोंडातून सरळ खाली, बोटांच्या टोकांपर्यंत गेलं.

आबा नंतर सांगत की नाना ओरडले नाहीत. मोज्यातून भसाभस पांढरी वाफ निघायला लागली तेव्हा आबांना वाटलं, नाना पेटलेच. त्यांनी हौदातलं पाणी मारलं. मोजा कडक होऊन काचेसारखा तडकला आणि तुकड्या-तुकड्यांनी सोलून काढावा लागला. तोवर व्हायचं ते झालं होतं. नाना दगडावर बसले आणि स्वतःचा हात दुसऱ्याचा असावा तसा बघत राहिले. आबांनी तो चुलीपाशी धरायला सांगितला. आबांच्या बायकोने तूप आणलं. नानांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला आणि हात उजव्या बगलेत दाबून धरला. घाई असली की ते वीर्याची कांडी बगलेत धरूनच वितळवत. त्यावरूनही मी बोलले होते. हात म्हणजे काही कांडी नव्हे.

आबा त्यांना मागे बसवून माझ्याकडे घेऊन आले. नाना उतरले ते हसतच. म्हणाले, "ताई, दुखत नई. कसाले धावपळ करतस?"

मी हात पाहिला. मनगटापासून पुढे हात मेणाचा झाला होता. नखं पांढरी पडलेली. मी करंगळी दाबून पाहिली तर ती दाबलीच जाईना. मी जनावरांची डॉक्टर आहे, माणसांचं मला फारसं कळत नाही, पण जिवंत मांस कसं लागतं ते मला चांगलं ठाऊक आहे. दुखत नाही हे ते इतक्या समाधानाने सांगत होते की मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

धुळ्यातले एक सर्जन माझ्या मावसभावाचे मित्र होते. लष्करात असताना काही वर्षं त्यांनी बर्फातल्या चौक्यांवर काढली होती. मी त्यांना फोन लावला. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. मग त्यांनी एकेक गोष्ट बजावून सांगितली. अंगाच्या उबेपेक्षा जरा जास्त गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा. चोळायचा नाही, आगीपाशी न्यायचा नाही. नरम पडला की स्वच्छ कपड्यात सैल गुंडाळायचा आणि तडक निघायचं. याला हिमदंश म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. बाहेर लू वाहत होती, पंख्यातून फुफाटा येत होता, आणि मी वहीच्या कोपऱ्यावर 'हिमदंश' लिहून त्या शब्दाकडे बघत बसले होते.

कांड्या वितळवण्यासाठी दवाखान्यात गरम पाणी आणि थर्मामीटर होतंच. आम्ही नानांचा हात पातेल्यात बुडवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एकाएकी नानांचा चेहरा बदलला. कपाळावर घाम फुटला, मान ताठ झाली, आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल दातात धरला. वेदना परत येत होती. अंगठ्याला लाली आली, मग तर्जनीला, मग मधल्या बोटाला अर्ध्यापर्यंत. उरलेली दोन बोटं राखाडीच राहिली. पाणी बदलत राहिले तरी त्यांच्यात फरक पडेना. आबा दाराशी उभे राहून माझ्या गाईने केलं, माझ्या गाईने केलं, एवढंच म्हणत होते.

काकूंना बरोबर घेऊन जीपने धुळ्याला पोहोचलो तेव्हा हात सुजून दुप्पट झाला होता. सर्जनने हात पाहिला, नाडी पाहिली आणि काकूंना समोर बसवलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, थंडीने जेवढं व्हायचं तेवढं झालं, पण खरा धोका आता सुरू होतोय. वितळलेल्या हातातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, रक्त पोहोचत नाही आणि बोटं मरतात. गुठळी विरघळवणारं एक औषध आहे, हार्ट अटॅकला देतात तसलं. ते पहिल्या दिवसातच द्यावं लागतं, उशीर झाला तर उपयोग नाही. पण त्याने दुसरीकडे कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूतही. या वयात तो धोका जास्त. औषध न देता वाट बघितली तर जिवाला धोका कमी, पण बोटं बहुतेक जातील, कदाचित पंजाही.

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "त्यासनाच हात शे. त्यासले इचारा."

नानांना वेदना कमी करणारं इंजेक्शन दिलेलं होतं, पण शुद्ध होती. त्यांनी विचार करायला वेळ लावला नाही. "हात गया ते मी घर बशीसन काय करसू? द्या." एवढंच बोलले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

औषध सुरू झालं. काकू त्यांच्या उशाशी आणि मी पायथ्याशी. नर्स सारखी येऊन त्यांना नाव विचारायची, हसायला सांगायची, हातपाय हलवायला सांगायची. मेंदूत रक्त उतरलं तर ते असं कळतं. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलो होतो. मधेच त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. नर्सने औषधाची धार कमी केली, सर्जनला बोलावलं, परत सुरू केली. नानांनी लाल दातांनी विचारलं की आबांची दुसरी गाय राहिली, तिचं कोणी पाहिलं का. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकं रडूही आलं, की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

सकाळी मधलं बोट टोकापर्यंत गरम होतं. सर्जनने ते माझ्याकडून चाचपून घेतलं. अनामिका अर्धी. करंगळीचं काही खरं नव्हतं. पण जीव वाचला होता आणि तीन बोटं रक्ताला लागली होती. पुढे बरेच दिवस रक्तवाहिन्या सैल ठेवणारं औषध सलाईनमधून जात राहिलं. हात दोरीने वर टांगलेला, प्रत्येक बोटाच्या मधे औषधाची पट्टी. फोड आले. पाण्यासारखे आले ते बरे, रक्ताचे आले ते वाईट, असं नर्सने शिकवलं. मग मी आणि काकू येता-जाता फोडांचाच रंग बघायचो.

विडी पूर्ण बंद झाली. विडीने रक्तवाहिन्या आवळतात, एक विडी ओढलीत तर मी ड्रेसिंग करणार नाही, असं सर्जनने सांगून टाकलं होतं. नानांनी एक विडी कानावर अडकवून ठेवली, न पेटवता. म्हणे वासाने दिवस निघतो. काकूंनी ती काढून चुरगळली. दुसऱ्या दिवशी कानावर दुसरी. कुठून आली ते कोणीच कबूल केलं नाही.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. भर उन्हाळ्यात बर्फ लागलेला माणूस बघायला कोण येणार नाही? शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही चादर उचलून बघून जात. गावातल्या एका म्हाताऱ्याने तर निदानच करून टाकलं. म्हणाला, नानांनी इतकी वर्षं बैलांचा संसार मोडला, त्या बैलांचा हा तळतळाट आहे. नाना मोठ्याने हसले. 

मग करंगळी आणि अनामिकेचं टोक काळं पडायला लागलं. आधी जांभळं, मग कोळशासारखं, सुकलेलं आणि आक्रसलेलं. नातेवाईकांचा धीर सुटला. काळं वर चढेल, पंजा कापून मोकळे व्हा, असं जो येईल तो सांगे. जळगावहून आलेल्या त्यांच्या साडूंनी तर दुसऱ्या दवाखान्यात खाट बघून ठेवली, तिथे म्हणे लगेच कापून देतात. सर्जन एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत राहिले. कोरडं काळं असेल तर थांबायचं. आतलं जिवंत किती आणि मेलेलं किती हे हातच स्वतः रेघ ओढून सांगतो, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. आज कापलं तर जिवंत मांसही कापलं जाईल. ओलं झालं, वास आला, तर मात्र मी थांबणार नाही.

आणि एका सकाळी वास आला. मी नेमकी तिथेच होते. पट्टी सुटली आणि काकूंनी पदर नाकाला लावला. मला तो वास गोठ्यांमुळे चांगला माहीत होता. सर्जनचा चेहरा उतरला. औषधं बदलली, जखम धुतली, शस्त्रक्रियेची तयारी ठेवायला सांगितली. उद्यापर्यंत सूज मनगटाच्या वर गेली तर मनगटातून कापावं लागेल, असं त्यांनी नानांच्या समोरच सांगितलं. नानांनी मनगटावर पेनाने खूण करून घेतली आणि म्हणाले, याच्या वर एक बोटही नको. त्या दिवशी कोणीच जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सूज खुणेच्या खालीच होती.

शेवटी रेघ उमटली. करंगळी मधल्या पेरापासून आणि अनामिकेचं नुसतं टोक, एवढंच काढावं लागलं. बाकी हात राहिला. सर्जन इतके खूश होते की त्यांनी त्या हाताचे फोटो काढून घेतले. डॉक्टरांच्या बैठकीत दाखवणार म्हणाले. आबांनी गावात पेढे वाटले. मी दवाखान्यातून घरी आले आणि मनसोक्त झोपले.

पावसाळा गेला. दिवाळीच्या आधीच नाना परत फिरायला लागले. जार आता मोटरसायकलच्या पेटीत असायचा, मोजाही दर गाईला नवा. चांगलं सांगितलेलं ऐकणारे नाना बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण ते काही तितकं बरं दिसत नव्हतं. एकदा ते दवाखान्यात चहाला बसले होते. चहा स्टीलच्या पेल्यात, नुकताच उकळलेला. मी पेला काठाला धरला तरी चटका बसला. नाना डाव्या हाताने पेल्याला वेढा घालून आरामात बोलत होते. माझं लक्ष गेलं तसा त्यांनी पेला उजव्या हातात घेतला आणि घेतल्या-घेतल्या टेबलावर ठेवून दिला. 

हळूहळू तक्रारी यायला लागल्या. नानांनी भरलेल्या गाई परत माजावर येत होत्या, म्हणजे गर्भ राहत नव्हता. एखादी येतेच, पण एकामागून एक यायला लागल्या. नाना म्हणायचे, चारा बरोबर नाही, हवा बदलली, कांड्या खराब आल्या. पूर्वी त्यांनी असं एकही कारण कधी सांगितलं नव्हतं. लोक त्यांच्या तोंडावर काही बोलत नसत, पण हेच काम करणाऱ्या पारोळ्याच्या एका तरुणाला फोन करत. मी धुळ्याला गेले तेव्हा सर्जनला विचारलं. ते म्हणाले, मी हात वाचवला, तो हलतो, धरतो. नसांमधली जाण परत येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. वर्ष-दोन वर्षांत थोडी येईल कदाचित. त्यांनी हे नानांना सांगितलं होतं. नानांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, काकूंनाही नाही.

आबांनी मात्र दुसऱ्या कोणाला गोठ्यात येऊ दिलं नाही. त्यांच्या मनाला लागलं होतं की नानांचा हात आपल्या गाईने घालवला. त्या धक्का देणाऱ्या गाईलाही दिवाळीत नानांनीच भरलं.

महाशिवरात्रीच्या सुमारास आबांचा निरोप आला की तीच गाय खंगलीय, भरलेलं लागलेलं दिसत नाही, माजही दाखवत नाही, इंजेक्शन द्यायला या. गाय रिकामी असेल तर माजावर आणायचं इंजेक्शन असतं. ते लागू पडतं. पण गाय गाभण असेल तर तेच इंजेक्शन गर्भ पाडतं. म्हणून आधी हात घालून तपासल्याशिवाय ते कोणी देत नाही. मी गेले तर नाना आधीच तिथे होते. आबांनीच बोलावलं होतं. आबा गरम पाणी आणायला घरात गेले आणि नानांनी मोजा चढवून हात आत घातला.

बराच वेळ झाला. गाय पाय बदलत होती. नानांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. मग त्यांनी हात काढला, माझ्याकडे न बघता मान हलवली आणि म्हणाले, "खाली शे."

मी पेटी उघडली. बाटलीला सुई टोचली, सिरिंज भरली, हवा काढली. खात्री करणं सोडल्यापासून मी कधी त्यांच्या शब्दावर प्रश्न केला नव्हता, आणि त्या घटकेला तो करणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकण्यासारखं झालं असतं. गाईच्या मानेवरची जागा मी स्पिरिटने पुसत होते. विचारावं कसं, हे मला सुचत नव्हतं, आणि हात पुसतच राहिला होता.

"ताई, थांबा," नाना म्हणाले. आवाज अगदी हलका होता. "सुई देऊ नका. पहिले तुम्ही सोता हात टाकी देखा. माले काय समजनं नई."

मी सिरिंज खाली ठेवली. मोजा घातला आणि हात आत घातला. फार शोधावंही लागलं नाही. चार महिन्यांचा गर्भ. माझ्या बोटांखाली तो हलला, मागे सरकला आणि परत येऊन टेकला. कालच शिकायला आलेल्या पोरालाही सापडला असता.  मी नानांकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं होतं.

तेवढ्यात आबा पाणी घेऊन आले. मला सांगावंच लागलं, गाभण आहे म्हणून, चार महिन्यांची. आबांनी बादली खाली ठेवली. नानांनी दिवाळीत भरलेलं लागलं, नानांचा हात पुरा बरा झाला, असं म्हणत त्यांनी नानांना मिठीच मारली. मग हट्टच धरला की नानांनी आता परत हात घालावा आणि आपल्याला सांगावं, वासरू कसं आहे. नाना नको म्हणाले. आबा ऐकेनात. सगळ्या गावाला मी सांगणार आहे, तर तुझ्या तोंडून ऐकून सांगतो, असं त्यांचं चाललं होतं.

नानांनी नवा मोजा घातला. हात आत घातला. मी शेजारी उभी होते. आबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी सांगितलं, जरा खाली, उजवीकडे. त्यांचा खांदा तसा वळला. जिथे माझी बोटं होती, तिथेच आता त्यांची होती, हे मला दिसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"शे, आबा," नाना म्हणाले. "चांगलं शे."

त्यांनी हात धुतला, साबण जागेवर ठेवला आणि मोटरसायकलपाशी गेले. मी मागे गेले.  किक मारण्याआधी ते म्हणाले, "काहीच लागनं नई, ताई." तक्रार नव्हती त्यात. एखाद्या जनावराची लक्षणं सांगावीत तसं सांगितलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी जार माझ्या दवाखान्याच्या पायरीवर होता. नाना त्यानंतर कोणाच्याही गोठ्यात गेले नाहीत. फोन वाजला तर काकू उचलतात आणि ते झोपलेत म्हणून सांगतात. लोकांनी एकदोनदा विचारलं, मग पारोळ्याच्या पोराचा नंबर सगळ्यांकडे झाला. मी मधूनमधून जाते. नाना ओट्यावर बसलेले असतात. डावा हात मांडीवर पालथा ठेवलेला, दिसायला धडधाकट. काकूंना माझ्यासाठी चहा करायला सांगतात आणि माझ्या दवाखान्यातलं सगळं विचारतात, गाईंचं सोडून.

आबांची गाय व्यायली. कालवड झाली. आबा अजूनही भेटेल त्याला सांगतात की नानांच्या हातात जादू आहे, फुकटचे घरी बसलेत, तुम्ही तरी समजवा. मलाही सांगतात. मी हो म्हणते, बघते म्हणते, आणि दुसरा विषय काढते.